"लक्ष देऊन लिहा" म्हणे!

सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या जगात एक सुविचार आहे. शाळेच्या फळ्यावर असायचा ना, कुणी कधी न पुसलेला, तसा. "सी वाईट नाही हो, लिहिणाऱ्याने लक्ष देऊन लिहायला हवं." गेली सतरा वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. कॉलेजात सरांनी ऐकवलं, नोकरीत साहेबांनी ऐकवलं, आणि आता माझ्याच वयाची मंडळी ते नव्या पोरापोरींना ऐकवतात. ऐकवताना चेहऱ्यावर भाव असे की जणू गुरुमंत्रच देताहेत. आज या मंत्राचा समाचार घ्यायचा आहे.

घरच्या मंडळींसाठी आधी थोडी प्रस्तावना. (आत्या, माझा तांत्रिक लेख दिसला की दुसऱ्या परिच्छेदात तू पान बंद करतेस हे मला ठाऊक आहे. आज नको करूस. तुझ्या जिन्याखालच्या वीजमीटरचा विषय आहे.)

सी ही डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या आसपास घडवलेली भाषा. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचा जो गाभा आहे, तो सीमध्ये लिहिलेला आहे. वायफायचा राउटर, वॉशिंग मशीन, गाडीचे ब्रेक सांभाळणारी चिप, डिजिटल वीजमीटर... यांच्या पोटातला छोटासा संगणकही बहुतेक वेळा सीच बोलतो. याला म्हणतात लो-लेव्हल प्रोग्रॅमिंग. यंत्र आणि तुम्ही, मध्ये कुणी नाही. मेमरीच्या कुठल्या घरात काय ठेवायचं हे तुम्ही सांगायचं, आणि चुकीच्या घरात ठेवलंत तर अडवायलाही कुणी येत नाही. मी पोटापाण्यासाठी हेच करते.

या विषयावर भांडणारे दोन पक्ष आहेत. पहिला सनातन्यांचा. त्यांच्या मते सी जशी आहे तशी परिपूर्ण आहे, चुका होतात त्या माणसाच्या. दुसरा पक्ष म्हणतो, सी फेका आणि रस्ट घ्या. रस्ट भाषा चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ पासून तिला लिनक्सच्या गाभ्यातही जागा मिळाली. पण त्या गाभ्यात सीच्या तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. त्या कोण आणि कधी पुन्हा लिहिणार? आणि काही रुपयांना मिळणाऱ्या कितीतरी चिप्स अशा आहेत, की त्यांच्याबरोबर कंपनी फक्त सीचा कंपायलर देते. (कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम.) म्हणजे पुढची वीस-तीस वर्षं सी कुठेही जात नाही. घर पाडून नवं बांधणं परवडत नाही, तेव्हा निदान गळणारं छप्पर तरी शाकारा, एवढंच माझं मागणं आहे.

आता मुख्य तक्रार. प्रोग्रॅमरला जे माहीत असतं, ते लिहून ठेवायला सीमध्ये जागाच नाही. मला माहीत असतं की या रांगेत २० आकडे आहेत. मला माहीत असतं की हे कुलूप लावलंय, ते पुढे उघडायचंय. मला माहीत असतं की या रजिस्टरचा चौथा बिट म्हणजे काय. पण हे कंपायलरला सांगायची सोय नाही. मग ते सगळं डोक्यात ठेवायचं, आणि डोक्यातून निसटलं की ऐकून घ्यायचं... लक्ष देऊन लिहा!

माझ्या मागण्या चार आहेत.

१. रांगेबरोबर तिची लांबी

समजा एक चाळ आहे, वीस खोल्यांची. मी पोस्टमनला पहिल्या खोलीचा पत्ता दिला आणि म्हटलं, इथून सुरू कर, एकेका खोलीत एकेक पत्र टाक. चाळीत खोल्या किती हे सांगितलंच नाही. त्याच्या पिशवीत तीस पत्रं होती. विसावी खोली झाली, पुढे भिंत आली. सीचा पोस्टमन भिंतीला थांबत नाही. तो भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात शिरतो आणि तिथल्या तांदळाच्या डब्यात पत्रं टाकून येतो. पलीकडच्यांना पत्ता लागतो तो रात्री भात लावताना.

सीमधल्या रांगेचं, म्हणजे अॅरेचं, हे असं आहे. जिथे ती जाहीर केली तिथे कंपायलरला तिची लांबी माहीत असते. दुसऱ्या फंक्शनकडे पाठवली की उरतो फक्त पत्ता. लांबी वाटेतच गळून पडते.

याला रिचींचा आळस कारण नव्हता बरं का. सीच्या आधीच्या बी भाषेत रांगेबरोबर एक वेगळा कप्पा असायचा, त्यात रांगेचा पत्ता लिहिलेला असे. रिचींना युनिक्सच्या डिस्कवरची नोंद जशीच्या तशी भाषेत मांडायची होती: दोन बाइटचा क्रमांक आणि चौदा अक्षरांचं नाव, एकूण सोळा बाइट. त्यात तो छुपा पत्त्याचा कप्पा बसवणार कुठे? म्हणून त्यांनी कप्पाच काढून टाकला आणि ठरवलं, की रांगेचं नाव घेतलं की तिथल्या तिथे पत्ता तयार होईल. फार हुशार तोड होती ती. डिस्कवर, तारेवर, चिपमध्ये जे जसं आहे ते तसंच सीमध्ये मांडता येतं, ते या निर्णयामुळेच. पण त्याच निर्णयाच्या मागून फंक्शनच्या उंबरठ्यावर लांबी हरवण्याची खोड आली. पहिली गोष्ट हवीच आहे. दुसरी कुणालाच नको होती.

हे रिचींनाही पटलेलं असावं, कारण १९९० मध्ये त्यांनीच एक प्रस्ताव लिहिला होता, की पॉइंटरने पत्त्याबरोबर लांबीही वाहून न्यावी. १९९९ च्या प्रमाणीकरणात समितीने वेगळा रस्ता धरला. त्यानुसार फंक्शनला रांग देताना कंसात लांबी लिहिता येते खरी, पण भाषेच्या नियमानुसार कंपायलर त्याचा साधा पत्ताच करून टाकतो. लिहिलेला आकडा शोभेचा.

किंमत काय मोजली? २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म नावाचा किडा इंटरनेटभर पसरला. त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक होती गेट्स नावाचं फंक्शन. (बिल गेट्स नव्हे! गेट-स्ट्रिंगचं लघुरूप.) या फंक्शनला द्यायचा फक्त पत्ता. जागा किती आहे हे सांगायची सोयच नाही, म्हणजे कितीही लक्ष देऊन वापरलंत तरी ते सुरक्षित वापरताच येत नाही. एवढा तमाशा झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, सीचं पहिलं अधिकृत प्रमाणीकरण झालं, आणि त्यात गेट्स सन्मानाने हजर! ते काढलं गेलं २०११ मध्ये. किड्यानंतर तेवीस वर्षांनी.

२०१४ चं हार्टब्लीड आठवतं का? बँकांपासून ईमेलपर्यंत सगळे पासवर्ड बदलत सुटले होते. ओपनएसएसएलमधल्या एका फंक्शनने पलीकडून आलेल्या संदेशात "माझी लांबी इतकी" असं जे लिहिलं होतं, त्यावर विश्वास ठेवला आणि तितके बाइट मेमरीतून उचलून परत पाठवले. संदेश प्रत्यक्षात चार अक्षरांचा असला तरी चौसष्ट हजारांच्या आसपास बाइट निघायचे, आणि त्यात कुणाच्या किल्ल्या, कुणाचे पासवर्ड. खरी लांबी प्रोग्रॅमला माहीत होती. ती रांगेला बांधलेली नव्हती, इतकंच. बांधलेली असती तर कॉपी करणाऱ्यानेच हात आखडता घेतला असता.

यावर सनातनी म्हणतात, "लांबी वाहून न्यायला जास्तीची जागा लागते, तपासायला वेळ लागतो." अहो, आत्ता काय करतो आपण? प्रत्येक फंक्शनला पत्ता देतो आणि शेजारी दुसरा आकडा म्हणून लांबी देतोच की! जागा तेवढीच लागते. फक्त हे दोघं नवरा-बायको आहेत हे कंपायलरला कुणी सांगितलेलं नाही. तेवढं सांगू द्या. तपासणीचं म्हणाल, तर कंपायलरला लांबी माहीत असली की बऱ्याच तपासण्या तो स्वतःच अनावश्यक म्हणून गाळू शकतो. जिथे खरोखर एकेक क्षण मोलाचा आहे, तिथे "इथे तपासू नकोस" असं लिहायची मुभा ठेवा. धोका पत्करायचा असेल तर तो सही करून पत्करावा.

२. आवराआवरीची नोंद तिथल्या तिथे

आत्या, दूध तापत ठेवलंस आणि तेवढ्यात दारावर बेल वाजली, तर गॅस बंद करायचं लक्षात ठेवावं लागतं. समजा गॅस पेटवतानाच सांगून ठेवता आलं असतं, की "मी कुठल्याही कारणाने स्वयंपाकघरातून बाहेर पडले तर हा बंद कर," तर? फोन येवो, बेल वाजो, शेजारीण हाक मारो, दूध उतू जाणार नाही.

प्रोग्रॅममध्ये अशा उघडून बंद करायच्या गोष्टी पदोपदी येतात. मेमरी मागितली, ती परत करायची. फाइल उघडली, ती मिटायची. कुलूप लावलं, ते काढायचं. मधे काही बिघडलं तर जिथून बाहेर पडतोय, तिथे तोवर उघडलेलं सगळं उलट्या क्रमाने आवरायचं. सीमध्ये यासाठी फंक्शनच्या शेवटी पायऱ्यांसारखी लेबलं लावतात आणि गोटू करून योग्य पायरीवर उडी मारतात. लिनक्सच्या लेखनशैलीच्या अधिकृत नियमांत ही पद्धत दिलेली आहे, आणि आहे त्या भाषेत तीच सगळ्यात बरी आहे. पण पायरी एक चुकली की संपलं.

मागे एका ठिकाणी (नावगाव नको) नव्याने लागलेल्या एका मुलाच्या फंक्शनमध्ये असंच झालं. बाहेर पडायच्या अकरा वाटा होत्या. दहा वाटांवर कुलूप नीट उघडलेलं, एका वाटेवर राहिलेलं. ती वाट अशी, की महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या यंत्रावर एखाद्या वेळी यायची आणि यंत्र गप्प बसायचं. शोधायला तीन आठवडे गेले. मग सगळ्यांसमोर बैठक झाली आणि त्याला विचारलं गेलं, "लक्ष कुठे असतं तुझं?" पोरगा खाली मान घालून बसला. अकरापैकी दहा वाटा त्याने बरोबर बांधल्या होत्या, हे त्या खोलीत कुणाच्या तोंडून निघालं नाही. ते काम भाषेचं होतं आणि भाषा ते करत नव्हती, हेही नाही. निष्पन्न काय झालं, तर तपासणीच्या यादीत एक ओळ वाढली: "सर्व वाटांवर कुलूप उघडले आहे याची खात्री करावी." आधीच्या चाळीस ओळींखाली ही एकेचाळिसावी.

या दुखण्यावरचं औषध जुनंच आहे. त्याचं नाव डिफर. गो भाषेत ते २००९ पासून आहे, झिगमध्ये आहे. जीसीसी आणि क्लँग या दोन मोठ्या कंपायलरांमध्ये क्लीनअप नावाने तशीच एक सोय कैक वर्षं भाषेबाहेरची जोड म्हणून आहे, आणि २०२३ मध्ये लिनक्सच्या गाभ्यानेही ती रीतसर वापरायला घेतली. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा सीचा प्रकल्प भाषेची वाट बघून कंटाळला आणि मागच्या दाराने औषध घेऊन आला. समितीत डिफर मुख्य प्रमाणीकरणाबाहेरच्या वेगळ्या दस्तऐवजाच्या वाटेने चाललंय. चालू द्या, पण जरा पाय उचला!

३. "काहीही होऊ शकतं" याला आवर

सीच्या नियमांत अशा अनेक जागा आहेत जिथे लिहिलंय, की प्रोग्रॅमने अमुक केलं तर पुढे काय होईल ते आम्ही सांगत नाही. काहीही होऊ शकतं. पूर्वी याला अर्थ होता. वेगवेगळी यंत्रं वेगवेगळी वागायची, सगळ्यांना एका नियमात बांधणं कठीण होतं. पण पुढे कंपायलर हुशार झाले आणि त्यांनी याचा भलताच अर्थ लावला. नियमात बसत नाही ते प्रोग्रॅमर करणारच नाही असं ते गृहीत धरू लागले, आणि त्या गृहीतकावर तुमचा प्रोग्रॅम कापू लागले.

२००९ मधलं लिनक्सचं उदाहरण ऐका. एका ड्रायव्हरमध्ये आधी एका पत्त्यावरून माहिती उचलली होती, आणि पुढच्या ओळींत तो पत्ता रिकामा तर नाही ना, अशी तपासणी होती. क्रम उलटा झाला, चूकच ती. पण जीसीसीने काय करावं? त्याने विचार केला, हे गृहस्थ आधीच घरात शिरलेत, म्हणजे घर असणारच, मग "घर आहे का?" हा प्रश्न कशाला? आणि त्याने तपासणीच पुसून टाकली. अगदी नियमाला धरून! एरवी जी चूक यंत्र कोसळण्यापाशी थांबली असती, तिच्यातून हल्लेखोराला सगळे अधिकार मिळवण्याची वाट उघडली. त्यानंतर लिनक्सवाल्यांनी कंपायलरला ताकीद दिली, की अशा तपासण्या पुसायच्या नाहीत. आजही लिनक्सचा गाभा बांधताना अशा ताकिदी द्याव्याच लागतात. हे नको करूस, ते गृहीत धरू नकोस...

तसंच बेरजेचं. दोन आकड्यांची बेरीज ठरलेल्या मापाबाहेर गेली तर काय? आजची सगळी यंत्रं ऋण आकडे एकाच पद्धतीने ठेवतात, आणि सी२३ ने हेही मान्य केलं, की यापुढे तीच पद्धत. छान. पण बेरीज उतू गेली तर? "काहीही होऊ शकतं." हे तसंच ठेवलं! मग तुम्ही काळजीपूर्वक लिहिलेली "बेरीज मूळ आकड्यापेक्षा लहान आली का?" ही तपासणी कंपायलर पुसू शकतो, कारण त्याच्या लेखी असं होतच नाही. म्हणजे लक्ष देऊन लिहिलेलंच पुसलं जातं. आता बोला!

माझी मागणी साधी आहे. आकडा गोल फिरून परत यावा की प्रोग्रॅम तिथेच थांबावा, यातलं एक मला निवडू द्या, आणि ते प्रोग्रॅममध्येच लिहिता येऊ द्या. सी२३ ने उतू गेलं की कळवणारी बेरीज-वजाबाकी-गुणाकाराची फंक्शनं दिली आहेत, त्याबद्दल आभार. पण प्रत्येक बेरजेला फंक्शन कोण लिहिणार? साधं अधिकचं चिन्हच भरवशाचं हवं.

४. बिट आणि बाइट सांगितल्या जागी

ही मागणी माझ्या खास जिव्हाळ्याची. चिप बनवणारी कंपनी जाडजूड पुस्तक देते. त्यात तक्ता असतो: ३२ बिटांचं हे रजिस्टर, शून्यावा बिट म्हणजे चालू-बंद, चार ते सहा म्हणजे घड्याळाचा वेग, वगैरे. हा तक्ता जसाच्या तसा भाषेत उतरवता यावा, एवढीच इच्छा. सीमध्ये त्यासाठी बिटफील्ड म्हणून सोय आहे. पण कुठला बिट आधी ठेवायचा, हे कंपायलरच्या मर्जीवर! त्यामुळे ज्या कामासाठी ती सगळ्यात जास्त हवी, नेमकं तिथेच तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मग आम्ही बसतो बिट सरकवत आणि झाकत, हाताने, हजार ठिकाणी. एडा भाषेत १९८३ सालापासून हे सरळ लिहिता येतं, की अमुक घटक अमुक बिटापासून अमुक बिटापर्यंत. चाळीस वर्षं उलटून गेली.

आणि बाइटांचा क्रम. आपण मराठीत "पंचवीस" म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी आणि पाच नंतर. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता!) संगणकांतही असेच दोन पंथ आहेत. मोठा आकडा मेमरीत ठेवताना कुणी धाकटा बाइट आधी ठेवतं, कुणी थोरला. इंटरनेटच्या तारेवर थोरला आधी, तुमच्या लॅपटॉपमध्ये धाकटा आधी. म्हणजे तारेवरून आलेला आकडा वापरण्याआधी उलटवावा लागतो. विसरलात तर आकडा भलताच. हा आकडा कुठल्या पंथाचा हे आकड्याच्या प्रकारातच लिहिता आलं असतं, तर दोन पंथांची बेरीज करताना कंपायलरने कान धरला असता. लिनक्समध्ये असे प्रकार आहेत, पण साधा कंपायलर त्यांची पर्वा करत नाही. ते तपासायला स्पार्स नावाचं वेगळं हत्यार लिनस तोरवाल्ड्स यांना २००३ मध्ये लिहावं लागलं.

आता नेहमीचा आक्षेप. "सीचं सौंदर्य तिच्या लहानपणात आहे. हे सगळं घुसडलंत तर तिची सी प्लस प्लस होईल!" ही भीती मलाही कळते. रिची आणि कर्निगन यांचं ते सडपातळ पुस्तक मलाही प्रिय आहे. पण लहान काय राहिलंय, ते नीट बघा. भाषेचं पुस्तक लहान आहे. त्याच्या शेजारी कंपायलरला द्यायच्या ताकिदी, भाषेबाहेरच्या जोडण्या, स्पार्ससारखी हत्यारं, प्रत्येक कंपनीच्या नियमांच्या वह्या, आणि एकेचाळीस ओळींची यादी. हे सगळं मिळून आजची सी आहे. ती केव्हाच मोठी झालीय. फक्त तो वाढलेला भाग प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने, आपापल्या भिंतीवर लिहून ठेवलाय. मी म्हणते तो एका जागी आणा.

आणि "लक्ष देऊन लिहा" वाल्यांना एकच विचारायचंय. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडे दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या घोळातून येतात. क्रोमियमच्या लोकांनी २०२० मध्ये गंभीर त्रुटींबद्दल जवळपास हाच आकडा दिला. दोन्हीकडचा माल मुख्यतः सी आणि सी प्लस प्लसमधला. दोन्हीकडे पारखून घेतलेली, भरपूर पगाराची माणसं. ही सगळी बेसावध? वर्षानुवर्षं, तेवढ्याच प्रमाणात बेसावध? लक्ष ही माणसाकडे मोजकीच असलेली गोष्ट आहे. ती कुलपं मोजण्यात खर्च झाली, तर मीटरने युनिट बरोबर मोजलं का, याकडे बघायला उरणार कुठून?

माझ्या चार मागण्यांनी सगळं सुटेल असा दावा नाही. मेमरी परत केल्यावर तिलाच पुन्हा हात लावायची जी एक चूक आहे, ती यातल्या एकाही मागणीने थांबत नाही. तिथे रस्टचं पारडं जड आहे हे मान्यच. पण छपराची चार भोकं बुजवता येत असताना पाचवं बुजत नाही म्हणून पावसात बसून राहायचं, हा कुठला न्याय?

बरं, हे स्वप्नरंजनही नाही. रांगेला लांबी बांधायची एक छोटी सोय जीसीसी आणि क्लँग दोन्हींत आली आहे. तिच्यात "या रचनेच्या शेवटी असलेल्या रांगेची लांबी या शेजारच्या घटकात आहे" असं लिहिता येतं, आणि लिनक्सवाले ती वापरताहेत. पूर्ण भाषेसाठी तसंच काही करायचा प्रस्ताव ॲपलने २०२३ मध्ये क्लँगपुढे ठेवला. सी२३ मध्येही चांगल्या गोष्टी आल्या: रिकाम्या पत्त्याला स्वतःचं नाव मिळालं, पासवर्ड पुसल्यावर तो खरंच पुसला जाईल असं फंक्शन मिळालं. (हो, आधी कंपायलर "पुसून काय उपयोग, पुढे वापरत तर नाही" म्हणून पुसणंच गाळून टाकायचा!) म्हणजे रस्ता माहीत आहे, चालणारे आहेत. आडवं येतं ते फळ्यावरचं ते वाक्य. एकदा दोष माणसाचा ठरवला, की भाषा सुधारायची निकड उरत नाही. गेट्स तेवीस वर्षं टिकलं ते असंच. कुणीतरी दरवेळी म्हणालं असणार, की नीट वापरा म्हणजे झालं.

आज भिंतीवर बसणारं मीटर दहा-पंधरा वर्षं तिथेच राहणार. त्याच्या आतलं सी लिहिणारी पोरं आत्ता पहिल्या-दुसऱ्या नोकरीत आहेत. त्यातला एखादा उद्या अकरापैकी एक वाट विसरेल. विसरेलच, माणूस आहे. तेव्हा त्याला कंपायलरने दोन सेकंदांत टोकावं, की तीन आठवड्यांनी भरल्या खोलीत मान खाली घालायला लावावी, हे आपण ठरवायचं आहे. मी माझ्यापुरतं ठरवलंय. माझ्यासमोर यापुढे कुणी नव्या मुलाला "लक्ष देऊन लिही" म्हणालं, तर मी विचारणार आहे, की हे लक्ष ठेवायचं काम यंत्राला का दिलं नाही?

असो. फारच लांबलं. सीवाल्या मित्रांनो, तुमची पाचवी मागणी कुठली असेल ते जरूर सांगा. आणि घरच्या मंडळींपैकी जे इथवर पोचले, त्यांना पुढच्या भेटीत माझ्याकडून भजी!